कुसुंबगडच्या मंडळाचं पाचवं मत

१

शनिवारी दुपारी, अमेरिकेतल्या कॅरी गावच्या कम्युनिटी सेंटरमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर मराठी माणसांच्या देखत एक जुनी फाइल उघडली गेली आणि तिच्यात पाचाऐवजी चारच मतं निघाली.

"काल पाच होती!" सिद्धेश ओरडला. "मी स्वतः मोजली होती."

ओरडायला नको होतं त्यानं. हॉलमधली कुजबुज थांबली आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या लतिका सबनीस खुर्चीच्या कडेला सरकल्या, कारण हा नागपूरहून पीएचडी करायला आलेला सव्वीस वर्षांचा ओरडणारा मुलगा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा होता.

फाइल होती कुसुंबगड संस्थानाची. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं ते संस्थान. पण तिथल्या राजांनी १९३९ साली प्रजेला घटना दिली होती. कुठलाही कायदा करण्याआधी राजांनी पाच जणांच्या सल्लागार मंडळाचं लेखी मत घ्यायचं, असं तिच्यात होतं. मत मानायचं बंधन नव्हतं, पण मागितल्याशिवाय कायदा करता येत नव्हता. मंडळाचा रिवाज असा, की सर्वांत धाकट्या सभासदानं सर्वांच्या आधी मत द्यायचं आणि अध्यक्षांनी सर्वांच्या शेवटी, म्हणजे थोरल्यांच्या तोंडाकडे बघून धाकटा आपलं मत फिरवणार नाही. मंडळाचा कारकून पाचही मतं आपल्या अक्षरात वेगवेगळ्या पानांवर उतरवून काढी. खाली कुणाची सही नसे. कुणाचं मत कुठलं, हे नुसत्या क्रमावरून ओळखायचं.

विलीनीकरणानंतर मंडळाचं दप्तर धाकट्या सभासदाकडे, वामन मास्तरांकडे, तसंच राहून गेलं. त्यांचा नातू श्रीराम वैशंपायन याने ते पत्र्याच्या पेटीतून कॅरीला आणलं. बहात्तर वर्षांचे श्रीरामकाका इथल्या गणपतीत, दिवाळीत, कुणाच्याही बारशात एकच गोष्ट सांगत. राजांना शिकारीसाठी राखीव रान हवं होतं, त्यासाठी तेरा वाड्या उठवायच्या होत्या, आणि मंडळात एकट्या मास्तरांनी 'नाही' म्हटलं होतं. गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. आता ते दप्तर युनिव्हर्सिटीच्या संग्रहात जायचं होतं, सिद्धेश तीन आठवडे त्याची यादी करत होता, आणि आज त्या रानाच्या फायलीचं जाहीर वाचन होतं.

फाइल वाचत होत्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष विनीता. त्यांचे पणजोबा, रावबहादूर, सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. विनीतानं माइकवरून सांगितलं, "अगदी वर राजांचा हुकूम आहे, एकोणतीस मार्च एकेचाळीस. तळाला मंडळाचं मत मागवणारं राजांचं पत्र, तीन मार्चचं. आणि मध्ये ही मतं. चारच."

"पेटीची किल्ली कोणाकडे होती?" राजांचे नातू संग्राम पहिल्या रांगेतून उठले. दानपत्रावर राजघराण्याची सही करायला ते टेक्सासमधल्या प्लेनोहून आले होते.

"माझ्याकडे," सिद्धेश म्हणाला.

"देन इट्स सिंपल. माझी उद्या रात्री आठची फ्लाइट आहे. संध्याकाळी सहापर्यंत पान परत आलं नाही, तर तुझ्या प्रोफेसरला माझा ईमेल जाईल."

दप्तरातून कागद चोरल्याचा आरोप म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे संशोधन बंद, आणि संशोधन बंद म्हणजे व्हिसा गेला. पाच वर्षांची मेहनत एका ईमेलवर येऊन ठेपली होती. श्रीरामकाका पुढच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. हा मुलगा तीन आठवडे त्यांच्या घरी जेवला होता, तरी ते एक अक्षर बोलले नाहीत.

लतिकाबाई उभ्या राहिल्या. पाच फूट उंची, गुडघे दुखरे, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्या. पण मंत्रालयात एकतीस वर्षं फायलींमध्ये काढून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या बाईचा आवाज हॉलच्या टोकापर्यंत जातो.

"उद्या सहाच्या आत पान सापडेल," त्या म्हणाल्या. "तोवर माझ्या भाच्याला कुणी चोर म्हणायचं नाही."

बोलून तर गेल्या, पण पान कुठे शोधायचं याचा त्यांना पत्ता नव्हता.

२

अमेरिकेत तपास करायचा तर आधी गाडी लागते, आणि लतिकाबाईंना गाडी येत नव्हती. त्यामुळे पहिली उलटतपासणी लेकीच्या गाडीच्या मागच्या सीटवर झाली. अस्मिता ड्राइव्ह करत होती आणि आरशातून दोघांकडे बघत होती.

"पहिल्यापासून सांग," लतिकाबाई म्हणाल्या. "आणि मला काय आवडेल याचा विचार न करता सांग."

"काल संध्याकाळी सहाला मी काकांच्या डायनिंग टेबलवर शेवटचं चेक केलं," सिद्धेश म्हणाला. "पाच मतं होती. फाइल पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली तिथेच, काकांच्या फळीवर ठेवली. नेहमी तिथेच ठेवतो. सकाळी विनीताताई पेटी आणि किल्ली कारमध्ये घालून हॉलवर घेऊन आल्या."

"मग किल्ली माझ्याकडे होती, असं का म्हणालास?"

"म्हणजे… चार्जमध्ये मीच होतो ना, मावशी. घाबरलो यार. तोंडातून निघून गेलं."

"फोटो का नाही काढलेस?" अस्मितानं विचारलं. "हू डझंट टेक फोटोज?"

"दानपत्र साइन होईपर्यंत फोटो काढायचे नाहीत, ही राजेसाहेबांची अट."

लतिकाबाईंनी चष्मा पुसला. "जे पान गेलं, त्यात काय होतं?"

सिद्धेश खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हुकुमाच्या लगेच खालचं होतं ते. लिहिलं होतं, वाड्या उठवाव्यात. लोक उठले नाहीत तर घरं पेटवावीत, चार घरं पेटली की बाकीची आपोआप उठतील. मधली तीन गुळमुळीत आहेत, हुजूर जाणते आहेत वगैरे. फक्त सर्वांत खालच्या मतात सरळ 'हा कायदा करू नये' असं आहे."

"मग?"

"मग काय, मावशी! पहिलं मत धाकट्याचं. वरचं पान म्हणजे पहिलं पान. घरं पेटवा म्हणणारे वामन मास्तर निघाले! आणि काका तीस वर्षं सगळ्यांना सांगतायत की आजोबा एकटे उभे राहिले. आज माइकवर ते वाचलं जाणार होतं. मला रात्रभर झोप नाही. काकांना सांगू कसं, तेच कळेना."

"म्हणून नाही सांगितलंस."

"नाही." त्याचा आवाज बारीक झाला. "आणि खरं सांगू? ते पान नसतंच तर किती बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं."

चोरीचं कारण, संधी आणि किल्ली, तिन्ही गोष्टी त्याच्याच पदरात होत्या, आणि त्या त्यानं आपल्या हातानं मावशीच्या ओटीत घातल्या होत्या. हे संग्रामच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी सहाचीसुद्धा वाट पाहिली नसती.

लतिकाबाईंना भाच्याचा राग आला आणि भरूनही आलं. "एवढं एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "श्रीरामराव सगळ्यांना सांगतात की त्यांनी फाइल कधी उघडली नाही. मग मंडळ पाच जणांचं असलं, तरी फायलीत पाचही मतं अजून शाबूत होती हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तू पान घेतलं असतंस तर चार निघाल्यावर गप्प बसला असतास. चोर आपल्या चोरीची दवंडी पिटत नाही."

"हे राजेसाहेबांना पटेल?"

"नाही पटणार," लतिकाबाई म्हणाल्या. "त्यांना पान दाखवावं लागेल."

३

रविवारी सकाळी नऊला त्या संग्रामच्या हॉटेलात पोचल्या. संग्राम नाश्त्याच्या हॉलमध्ये वॉफलवर मध ओतत होते. प्लेनोच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते डायरेक्टर होते. राजेपण फक्त लग्नाच्या पत्रिकांपुरतं उरलं होतं, पण ते उतरवून ठेवणं त्यांना जमत नव्हतं.

"काकू, मला तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे," ते म्हणाले, "पण मी डेडलाइन बदलणार नाही."

"बदलू नका. मला एवढंच सांगा, तुम्ही काल किती वाजता पोचलात?"

त्यांनी हसत फोन पुढे केला. विमान साडेदहाला उतरलं होतं, सव्वाअकराला टॅक्सी हॉलच्या दारात होती, आणि तिथं राजस नावाचा स्वयंसेवक त्यांना नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवत असतानाचा फोटो होता. त्या फोटोत मागच्या टेबलावर पेटी होती, कुलूप लावलेली.

"माझ्यावर डाउट होता?"

"सगळ्यांवर आहे. तुमच्या आजोबांची बदनामी होईल असं काही त्या पानावर असेल, असं वाटलं."

संग्रामचं हसू मावळलं. "काकू, आजोबांचा हुकूम फायलीत तसाच आहे. त्याखाली त्यांची मुद्रा आहे. तेरा वाड्या त्यांनी उठवल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. लपवायचं असतं तर तो हुकूम लपवला असता, सल्ला कशाला? सल्ला कुणीही देईल. सही करणाऱ्याचं नाव राहतं."

बोलणं खरं होतं आणि माणूसही लतिकाबाईंना वाटला त्यापेक्षा बरा निघाला, याचा त्यांना थोडा वैतागच आला. एक संशयित हातचा गेला होता.

"मग एवढे चिडलात का?"

"कारण मी हे पेपर्स द्यायला आलो, म्हणजे लोकांनी आमच्या घराण्याचं चांगलं-वाईट दोन्ही वाचावं. आणि ऐन वेळी कोणीतरी त्यातलं उचलतं. दॅट्स नॉट ओके." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सहा वाजता, काकू."

४

विनीता रविवारच्या मराठी शाळेत होत्या. एका चर्चच्या तळघरात आठ-दहा मुलं 'ळ' गिरवत होती आणि आपापसात इंग्रजीत भांडत होती. कालपासून फाइल विनीताच्या ताब्यात होती. त्यांनी ती छातीशी धरून आणली.

"काकू, मला सिद्धेशचं खूप वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "बट हू एल्स? काल सकाळी पेटी माझ्या कारमध्ये होती, मान्य. पण मागे माझ्या दोन्ही मुली आणि समोसे. वाटेत कुठे थांबलेही नाही."

लतिकाबाईंनी टेबलावर फाइल ठेवली. पिवळट पुठ्ठा, डाव्या कोपऱ्यात भोक, भोकातून ओवलेली सुती दोरी, दोरीच्या टोकांना पत्र्याची टोपणं. आयुष्यभर ज्या दोऱ्या ओवल्या-सोडल्या त्यांची ही आजी. भोकाभोवती कागदाचा एक कण अडकलेला नव्हता. पान ओढून फाडलं नव्हतं. कुणीतरी निवांत बसून दोरी सोडली होती, वरचा हुकूम उचलला होता, एक पान काढलं होतं आणि सगळं पुन्हा नीट ओवलं होतं. मागे दोन मुली आणि समोसे असताना गाडीत हे होणं शक्य नव्हतं.

"तुझ्या पणजोबांचं मत कुठलं?" त्यांनी सहज विचारलं.

विनीताचा चेहरा फुलला. "हे, सर्वांत खालचं! अध्यक्ष शेवटी लिहायचे ना? आमच्या घरी रावबहादूरांबद्दल कुणी चांगलं बोलायचं नाही, काकू. कडक, राजांच्या ताटाखालचं मांजर असं काय काय म्हणायचे. आणि बघा हे. 'हा कायदा करू नये. ज्यांनी रान राखले त्यांनाच रानातून काढणे हा न्याय नव्हे. मंडळाचे मत याहून निराळे झाले तरी माझे हेच राहील.' मी काल रात्रीच टाइप करून फॅमिली ग्रुपवर टाकलं. माझे बाबा पुण्यात रडले."

लतिकाबाईंनी चष्मा खाली सरकवला. सवयीप्रमाणे त्यांनी फाइल उलटी केली आणि तळाचा कागद पाहिला. राजांचं पत्र, तीन मार्च. मग वरचा हुकूम पाहिला. एकोणतीस मार्च. पुन्हा तळाचा. पुन्हा वरचा.

आणि हातातली दोरी तशीच राहिली.

अहो, हे पुस्तक नव्हतं! ही फाइल होती. फायलीत पहिला कागद तळाला जातो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि सगळ्यांत शेवटी आलेला सगळ्यांत वर. मत मागवणारं पत्र आधी आलं म्हणून तळाला होतं. हुकूम शेवटी निघाला म्हणून वर होता. राजाचा म्हणून त्याला वर बसवलं नव्हतं कुणी. पीएचडी करणारा, सॉफ्टवेअरवाला, शाळा चालवणारी, सगळे शिकलेसवरलेले; पण दोरीत कागद ओवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. सगळ्यांनी वरून खाली वाचलं होतं.

खालून वाचायचं तर तळाचं मत पहिलं. पहिलं मत धाकट्याचं. 'हा कायदा करू नये' हे वामन मास्तरांनी लिहिलं होतं. आणि सर्वांत वरचं, हरवलेलं, घरं पेटवा म्हणणारं मत शेवटचं, म्हणजे अध्यक्षांचं. रावबहादूरांचं.

लतिकाबाईंनी विनीताकडे पाहिलं. ती अजून हसत होती. पान नाहीसं होण्यात खरा फायदा कुणाचा असेल तर या बाईचा होता. पण तिला तो फायदा ठाऊकच नव्हता. जिनं तळाचं मत आपलं म्हणून घरभर मिरवलं, ती वरचं पान कशाला चोरेल?

वरचं पान तोच काढील, ज्याला ते आपल्या माणसाचं वाटलं. उलट्या वाचनानं ते ज्याच्या दारात जात होतं असा माणूस एकच होता. त्याच्या घरात पेटी रात्रभर होती, आणि किल्ली त्याच्याच फळीवर होती.

"काय झालं, काकू?" विनीतानं विचारलं.

"तुला संध्याकाळी सांगते," लतिकाबाई म्हणाल्या. "तुला आवडणार नाही, पण सांगेन. ही फाइल दे माझ्याकडे."

५

श्रीरामकाकांच्या घरी त्या चार वाजता पोचल्या, सिद्धेशला घेऊन. काकांच्या पत्नी पद्मिनीकाकूंनी दार उघडलं. "कालपासून जेवले नाहीत हो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "नुसते त्या खोलीत बसलेत."

गाडीत येताना लतिकाबाईंनी एक गोष्ट ठरवली होती, आणि ती सोपी नव्हती. 'तुमचे आजोबा निर्दोष आहेत' एवढं एक वाक्य आधी बोललं असतं तर श्रीरामरावांनी हसत हसत पान काढून दिलं असतं. पण मग मुलाला वाचवण्यासाठी त्यांनी काही केलं, असं कधीच झालं नसतं. त्यांना आधी स्वतःहून बोलायला लावायचं, मगच सांगायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. निर्दय वाटलं तरी चालेल.

काका खिडकीशी बसले होते. सिद्धेशला पाहून त्यांनी नजर वळवली.

"श्रीरामराव," लतिकाबाई समोर बसल्या. "गेलं ते पान कुणाचं होतं, असं तुम्हाला वाटतं?"

"वरचं गेलं म्हणतात," काका म्हणाले. "म्हणजे पहिलं. म्हणजे आमच्या आजोबांचंच गेलं. काय करणार, नशीब."

"वरचं गेलं, असं हॉलमध्ये कुणीच म्हटलं नव्हतं. ते पान सहज ओढून काढता आलं असतं. पण घेणाऱ्यानं दोरी सोडली, पान काढलं, पुन्हा ओवलं. म्हणजे त्याला वेळ होता आणि टेबल होतं. संग्राम शनिवारी सव्वाअकराला आले आणि सगळ्यांदेखत पहिल्या रांगेत बसले. विनीता रस्त्यावर होती. सिद्धेशनं घेतलं असतं तर पाचाचा आकडा त्यानं पोटातच ठेवला असता. शुक्रवारी सहानंतर पेटी आणि किल्ली एकाच घरात होत्या." त्या थांबल्या. "तुम्ही फाइल उघडलीत. आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर आजोबांचं मत वाचलं जाणार, म्हणून एकट्यानं एकदा वाचावं असं वाटलं असणार. मलाही वाटलं असतं."

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"सहाला ईमेल जाणार आहे," लतिकाबाई म्हणाल्या. "मी पोलीस नाही, तुमच्या खोल्या धुंडाळणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी उठून जाईन. मग हा मुलगा नागपूरला परत जाईल आणि आयुष्यभर तिथं चोर म्हणून राहील. तुमच्या आजोबांचं नाव राहील. दोन्ही तुमच्या हातात आहे."

"मावशी, पुरे," सिद्धेश म्हणाला. "काका, मला कळतंय. मी तुमच्या जागी असतो तर…"

"गप्प बस," काका एकदम म्हणाले. "तू माझी बाजू घेऊ नकोस रे. त्यानंच जीव जातोय माझा."

ते उठले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी देवाची पोथी काढली. पोथीच्या लाल कापडात ते पान होतं, घडी न घालता ठेवलेलं. जाळायला ते धजले नव्हते. पान त्यांनी लतिकाबाईंच्या हातात दिलं नाही. टेबलावर ठेवलं आणि फोन उचलला.

"संग्रामराजे, श्रीराम बोलतोय. ते पान मी घेतलं होतं. शुक्रवारी रात्री. सिद्धेशचा काही संबंध नाही. हो, मीच. कारण पान वाचलंत की कळेल. माझ्या आजोबांनी लोकांची घरं जाळायला सांगितलं होतं, आणि मी तीस वर्षं खोटी गोष्ट सांगत होतो." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही, तुम्ही सगळ्यांना सांगा. मीही सांगेन."

फोन ठेवून ते खाली बसले, तशी पद्मिनीकाकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सिद्धेश तोंड फिरवून उभा होता.

"आता माझं ऐका," लतिकाबाई म्हणाल्या. "तुम्ही गोष्ट खोटी सांगत नव्हता."

त्यांनी फाइल उघडली, दोरी सोडली, सगळे कागद टेबलावर काढले आणि पहिल्यापासून ओवायला घेतले. आधी तीन मार्चचं पत्र. "हे आलं, म्हणून फाइल उघडली. मग कोण लिहिणार?"

"धाकटा," सिद्धेश पुटपुटला.

'हा कायदा करू नये' हे मत त्यांनी पत्रावर ठेवलं. मग एकेक करून तीन गुळमुळीत मतं. मग पोथीतून निघालेलं पान. "हे सर्वांत शेवटी आलं. शेवटी लिहिणारा अध्यक्ष." आणि त्यावर एकोणतीस मार्चचा हुकूम. "फाइल खालून वर चढते, श्रीरामराव. मी एकतीस वर्षं अशाच चढवल्या. तुम्ही सगळ्यांनी ती वरून खाली वाचलीत."

काका त्या चळतीवर वाकले. मग त्यांनी कडा उचलून तळाचं मत उघडं केलं आणि वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. 'मंडळाचे मत याहून निराळे झाले तरी माझे हेच राहील' या ओळीवर ते अडखळले.

"त्यांच्या आधी कुणीच लिहिलेलं नव्हतं," लतिकाबाई म्हणाल्या. "बाकीचे चौघे काय म्हणतील, त्यांना ठाऊक नव्हतं."

सिद्धेशला वाटलं, काका आता हसतील. पद्मिनीकाकूंनाही तसंच वाटलं. त्या डोळे पुसत देवापुढे साखर ठेवायला निघाल्या. पण काका हसले नाहीत.

"छत्तीस वर्षांचे होते तेव्हा," ते म्हणाले. "शाळामास्तर. नोकरी राजांची, घर राजांचं. सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांच्या आधी लिहायचं. तरी लिहिलं. आणि मी काल त्या हॉलमध्ये बसून होतो, ह्या पोराला सगळ्यांदेखत चोर म्हणत होते, आणि माझं तोंड उघडलं नाही. माझं काय जाणार होतं?"

"विनीताला मी सांगते," लतिकाबाई म्हणाल्या.

"नको, मी जातो. तिच्या घरच्यांना काय वाटेल ते मला दोन दिवसांपासून माहीत आहे." काकांनी सिद्धेशची यादीची वही पुढे ओढली. "आधी हे लिही. प्रत्येक कागदापुढे तू काय लिहितोस ते? कुठून आला, कुणाकडे होता?"

"हो, काका."

"या पानापुढे लिही. श्रीराम वैशंपायन यांनी हे शुक्रवारी चोरलं आणि रविवारी परत केलं."

सिद्धेशनं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "काका, हे कायमचं राहील. शंभर वर्षांनी कोणीही वाचेल. नुसतं 'परत मिळालं' लिहितो ना. कशाला एवढं?"

"लिही," श्रीरामकाका म्हणाले. "आजोबांचं वाचलंस ना आत्ता? मग मला घाबरायला शिकवू नकोस."